उपनगरातील वने आणि लाकूडकाम : रोजगाराचे बदलते प्रवाह

मुंबई उपनगर जिल्ह्यात लाकडासाठी तोडला जाणारा एकही कूप नाही. कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली या जिल्ह्याच्या तीनही तालुक्यांत ग्रामपंचायत नाही आणि २०११ च्या जनगणनेनुसार ९३ लाख ५६ हजारांहून अधिक लोक येथे राहतात. तरीही वनांवर आणि लाकडावर ज्यांचे पोट अवलंबून आहे अशा माणसांची या जिल्ह्यात वाण नाही. बोरिवलीच्या उद्यानातील वनमजूर, गोराईच्या खाडीकाठी कांदळवनाची रोपे लावणाऱ्या स्त्रिया, जोगेश्वरीच्या बाजारात जुन्या सागवानाला नवे रूप देणारे सुतार, गोरेगावच्या चित्रनगरीत रातोरात वाडा उभा करणारे कारागीर आणि मुलुंडच्या नव्या इमारतींतील सेंटरिंगचे मिस्त्री हे सर्व एकाच साखळीचे दुवे आहेत. शासकीय आकडेवारीत मात्र ही साखळी कोठेच एकत्र दिसत नाही. रोजगाराचा विचार करताना प्रथम लक्षात घ्यावी अशी गोष्ट हीच आहे.

पाण्यासाठी राखलेले वन

उपनगरातील वन टिकले ते मुख्यतः पाण्यामुळे. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. मुंबई शहराला पिण्याचे पाणी पुरविणाऱ्या या तलावांच्या पाणलोट क्षेत्रात वस्ती आणि तोड होऊ द्यावयाची नाही, हे धोरण तेव्हापासून कायम राहिले. याच क्षेत्राभोवती पुढे राष्ट्रीय उद्यान आकारास आले. प्रथम कृष्णगिरी, नंतर बोरिवली आणि त्यानंतर संजय गांधी अशी या उद्यानाची नावे बदलत गेली. आज उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून त्याचा काही भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढण्यास मनाई आहे. साहजिकच येथे वनविभागाचे काम उत्पादनाचे नसून राखणीचे आहे. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, पावसाळ्याच्या तोंडावर रोपे लावणे, गस्त घालणे, पिंजऱ्यातील प्राण्यांची निगा राखणे, तिकीटखिडकी सांभाळणे, कान्हेरीकडे जाणाऱ्या पर्यटकांना मार्ग दाखविणे अशा कामांतून येथील रोजगार निर्माण होतो. त्यातील बराचसा हंगामी व रोजंदारीचा असतो. चंद्रपूरच्या सागवानी जंगलात तोड, चिराई आणि आगारातील लिलाव यांतून जो रोजगार मिळतो, त्याच्याशी याची तुलना करता येणार नाही. तेथे मजूर किती लागतील हे लाकडाचे घनमीटर ठरवितात. येथे ते मंजूर पदे आणि उपलब्ध निधी यांवरून ठरते.

वनकामातील मजुराचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. स्वातंत्र्यापूर्वी ठाणे जिल्ह्यातील जंगले ठेकेदारांच्या हाती होती. वेठ आणि अपुरी मजुरी यांविषयी सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला सविस्तर अहवाल दिला होता. वारली आदिवासींचा १९४५ चा उठाव याच परिस्थितीतून झाला. १९४७ पासून बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या आणि कूप ठेकेदाराऐवजी मजुरांच्या संस्थेकडे जाऊ लागले. ही पद्धत अनेक वर्षे चालली. तोडच कमी होत गेली तसे या संस्थांचे कामही आटत गेले.

कातकरी समाजाचे उदाहरण येथे बोलके आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. वनकायद्यांनी खैर हाती लागेनासा झाला तेव्हा हा समाज कोळसा पाडू लागला. मुंबईच्या चुलींना लागणारा कोळसा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांत पाडला जात असे. शहरात गॅस आला आणि तेही काम गेले. मग उरली वीटभट्टी. एका समाजाच्या तीन पिढ्यांतील हे स्थलांतर रोजगाराच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक सांगून जाते.

हजेरीपटावरील दिवस

राखणीच्या कामातील मजूर कायम की तात्पुरता, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तो महाराष्ट्रातूनच गेला. पुण्याजवळच्या पाचगाव पर्वती येथील वनीकरणाच्या कामावरील मजुरांसंबंधीच्या प्रकरणात न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निकाल दिला. वृक्षलागवड आणि उद्यानाची निर्मिती हे राज्याचे सार्वभौम कार्य नव्हे, म्हणून अशा कामापुरता वनविभाग हा उद्योग ठरतो आणि वर्षानुवर्षे राबविलेल्या मजुरांना तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा होय, असे न्यायालयाने ठरविले. त्यानंतर लगेचच, ३१ जानेवारी १९९६ रोजी, राज्य शासनाने निर्णय काढला. १ नोव्हेंबर १९९४ रोजी ज्यांची पाच वर्षे प्रतिवर्षी किमान २४० दिवस सेवा झाली होती, अशा रोजंदारी वनमजुरांना सेवेत कायम करण्याचे त्यात ठरले.

हा २४० दिवसांचा हिशेब कागदावर सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो हजेरीपटावर अवलंबून असतो. हजेरीपट पावसात भिजला, परिक्षेत्राच्या पुनर्रचनेत गहाळ झाला किंवा एका योजनेखालून दुसऱ्या योजनेखाली नाव लिहिले गेले, तर मजुराच्या आयुष्यातील वर्षेच्या वर्षे पुराव्यावाचून राहतात. वनपरिक्षेत्र कार्यालयातील जुने हजेरीपट जपून ठेवणे हे क्षुल्लक कारकुनी काम समजले जाते. वस्तुतः मजुराच्या निवृत्तिवेतनाचा तो पाया आहे.

उद्यानातील व त्याला लागून असलेल्या आरे परिसरातील पाड्यांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि कातकरी कुटुंबे राहतात. आरे वसाहत १९४९ मध्ये दुग्धव्यवसायासाठी वसली. पाडे त्याहून जुने आहेत. उद्यानातील अतिक्रमणांसंबंधी मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या आदेशानंतर या पाड्यांचेही स्थान अनिश्चित झाले. २००६ चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. परंतु तो ग्रामसभेच्या भोवती उभा आहे आणि या जिल्ह्यात ग्रामपंचायतच नाही. पाड्यावरील तरुणाला दावा कोणाच्या सभेपुढे मांडावा हेच चटकन उमगत नाही. पालघर किंवा नंदुरबारच्या पंचायत सदस्याला जे सहज सुचेल ते येथे सुचत नाही.

वनरक्षकाची नोकरी हा या तरुणांपुढील एक स्पष्ट मार्ग आहे. २०२३ च्या भरतीत राज्यभरात वनरक्षकांची २,१३८ पदे होती. बारावीस विज्ञान, गणित, भूगोल अथवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा, अशी अट होती. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी उत्तीर्ण असणे पुरेसे होते. पुरुषांना ५ किलोमीटर आणि स्त्रियांना ३ किलोमीटर धावावे लागे. कला शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने भूगोल वा अर्थशास्त्र घेतले नाही, तर दोन वर्षांनंतर हे दार त्याच्यासाठी बंद होऊ शकते. विषय निवडतानाच शिक्षकाने ही गोष्ट सांगितली तर तिचा उपयोग आहे.

खाडीकाठची नवी कामे

वनरोजगाराच्या वाढीची जागा दाखवावयाची झाल्यास ती डोंगरावर नसून खाडीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीस मनाई केली. त्यानंतर शासकीय जमिनींवरील कांदळवने वन म्हणून अधिसूचित होत गेली आणि २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. मुलुंड, भांडुप आणि घाटकोपर या पूर्व उपनगरांची खाडीकडील बाजू अशा रीतीने वनविभागाच्या नकाशावर आली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालन, कालवेपालन, मत्स्यपालन आणि निसर्गपर्यटन यांसाठी किनाऱ्यावरील गटांना अनुदान मिळते. कोळीवाड्यांतील बचतगटांसाठी हे काम नवे असले तरी पाणी ओळखीचे आहे. अर्थात खाडीचे प्रदूषण कायम असेपर्यंत खेकडापालनाकडून फार मोठ्या रोजगाराची अपेक्षा करणे धाडसाचे ठरेल.

आकड्यांत न सापडणारा सुतार

वनात रोजगार थोडा. लाकडावर तो फार मोठा आहे. पण मोजावा कसा? राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या २००८ च्या आवृत्तीत वनीकरण व लाकूडतोड दुसऱ्या विभागात येते. फर्निचर वगळून इतर लाकडी वस्तूंचे उत्पादन सोळाव्या विभागात, फर्निचर एकतिसाव्या विभागात. याच सुताराने एखाद्या सदनिकेत दारे बसविली तर तो बांधकामाच्या त्रेचाळिसाव्या विभागात जातो, आणि चित्रपटाचा सेट उभारला तर एकोणसाठाव्या विभागात, चित्रपटनिर्मितीत. हात तोच, रंधा तोच, पटाशीही तीच. परंतु वर्षभरात तो माणूस तीन वर्गांतून फिरून येतो. लाकूडउद्योगातील रोजगार घटला, असे केवळ सोळाव्या विभागावरून म्हणणे म्हणूनच घाईचे होईल.

दुसरी अडचण नोंदणीची. १९४८ च्या कारखाना अधिनियमात मुळात विजेवर चालणाऱ्या व १० कामगार असलेल्या, अथवा विजेविना चालणाऱ्या व २० कामगार असलेल्या जागेस कारखाना म्हटले होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत या मर्यादा अनुक्रमे २० आणि ४० झाल्या. ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. साकीनाका वा जोगेश्वरी भागात चार-सहा माणसांनी चालविलेली लाकूडकामाची गाळ्यातील कार्यशाळा आधीही या व्याख्येबाहेर होती, आता ती आणखी दूर गेली. नोंदणीकृत कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत तिचा मागमूस लागत नाही.

जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा फर्निचर बाजार हे या असंघटित उद्योगाचे ठळक उदाहरण होय. मुंबईतील जुन्या चाळी आणि बंगले पाडले जातात तेव्हा त्यांतील सागवानी तुळया, वासे, चौकटी, कठडे आणि पलंग बाजारात येतात. पूर्वी मुंबईत ब्रह्मदेशातील सागवान विपुल येत असे. ते लाकूड शंभर वर्षे मुरलेले असल्याने वाकत वा फुगत नाही. ओशिवऱ्यातील कारागीर खिळे उपटतो, रंध्याने जुना रंग काढतो, कीड लागलेला भाग कापून टाकतो आणि उरलेल्या लाकडातून मेज, आरसा किंवा कपाट साकारतो. कौशल्य येथे दुहेरी आहे. नवे घडविण्याआधी जुने ओळखावे लागते. लाकडाचा रेषा पाहून, वास घेऊन, नखाने खरवडून ते कोणते हे सांगणारे कारागीर कोणत्याही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तयार होत नाहीत. तेथील सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम नव्या लाकडावर बेतलेला असतो. ब्रह्मदेशाने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर या जुन्या लाकडाची किंमत अधिकच जाणवू लागली. पण हा व्यवसाय किती नाजूक आहे हे फेब्रुवारी २०२५ मध्ये या बाजारात लागलेल्या मोठ्या आगीने दाखविले. लाकूड, पॉलिश, थिनर आणि फोम एकाच छपराखाली असतात. त्या छपराखाली रोजावर काम करणाऱ्याची हत्यारे जळाली, तर मालाबरोबर त्याचा रोजगारही जातो.

गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ मध्ये सुरू झाली. तेथे व उपनगरांतील इतर स्टुडिओंत सेट उभारण्यास प्लायवुड, पट्ट्या आणि बांबू लागतात. काम तातडीचे, मजुरी तुलनेने बरी, पण सलगता नाही. चित्रीकरण संपताच सेट मोडतात. मोडलेल्या सेटचे लाकूड, फर्निचरचे तुकडे आणि पाडलेल्या घरांचे भंगार यांचा एक मोठा ग्राहक म्हणजे मुंबईतील पावभट्ट्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि उपाहारगृहांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. रंगविलेले आणि डिंक लावलेले लाकूड जाळल्याने निघणारा धूर पाहता हे योग्यच झाले. मात्र भंगार लाकूड गोळा करून पोट भरणाऱ्यांच्या पर्यायी कामाची चर्चा या आदेशाभोवती फारशी झाली नाही.

लाकूड कोठून येते

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात वनांतील तोडीवर कडक निर्बंध घातले. २००२ मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या अनुमतीविना नव्या आरागिरण्या आणि प्लायवुडचे कारखाने उघडण्यासही मनाई झाली. तत्पूर्वी १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना सवलतीच्या दराने वनातील लाकूड न देता त्यांनी ते शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावे, अशी दिशा दिलीच होती. परिणाम असा झाला की अंधेरीच्या सदनिकेतील कपाटासाठी लागणारा प्लायवुडचा तक्ता आज बहुधा हरियाणातील यमुनानगर किंवा केरळमधील पेरुंबावूर येथून येतो. यमुनानगरचा प्लायवुड हा शेताच्या बांधावर वाढविलेल्या पॉपलर आणि निलगिरीचा, तर परदेशी ओंडका कांडला बंदरात उतरतो. झाड लावण्याचा आणि तक्ता करण्याचा रोजगार त्या राज्यांत, तक्ता कापण्याचा उपनगरात. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला या साखळीत स्थान मिळावयाचे तर बांबू हे जवळचे साधन आहे. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि वनाबाहेरील बांबूच्या तोडीवाहतुकीतील मोठा अडसर दूर झाला. परांच्या, गणेशोत्सवाचे मांडव आणि बुरुडकाम यांसाठी उपनगरात बांबूला मागणी आहेच.

लाकडाची जागा इतर वस्तू घेत आहेत हेही खरे. विक्रोळीत बनणाऱ्या पोलादी कपाटांनी लाकडी फडताळाला फार पूर्वीच मागे टाकले. आता खिडक्या अॅल्युमिनियमच्या झाल्या, आणि उंच इमारतींच्या सेंटरिंगमध्ये प्लायवुडऐवजी पुनःपुन्हा वापरता येणारे अॅल्युमिनियमचे साचे आले. तेथे सुताराऐवजी साचे जोडणारा कामगार लागतो. घरातील फर्निचरही कारखान्यात कापून येते आणि जागेवर फक्त जुळविले जाते. मोजमाप, आराखडा आणि जुळणी या कामांना मागणी वाढली, तर सांधा मारण्याच्या कसबाला ती उरली नाही. खतावणी आणि गुण्या हाती धरणाऱ्या चाळिशीच्या मिस्त्रीला संगणकावरील आराखडा वाचता येत नसेल, तर तो आपल्याच शिकाऊ पोराच्या हाताखाली जातो. ही या व्यवसायातील सर्वांत क्लेशकारक घडामोड म्हणावी लागेल.

नोंद कोठे करावी

बारा बलुतेदारांत सुतार होता आणि गावाने त्याला बलुते दिले. उपनगरात तो नाक्यावर उभा राहतो. त्याच्यासाठी आज दोन व्यवस्था उपलब्ध आहेत. बांधकामावर मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम अंतर्भूत आहे. तीत हत्यारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांचे कर्ज मिळते.

घोडे अडते ते पडताळणीपाशी. विश्वकर्मा योजनेतील पहिली पडताळणी ग्रामीण भागात ग्रामपंचायतीकडून, शहरात नागरी संस्थेकडून होते. सुताराचे घर सिंधुदुर्गात किंवा बीडमध्ये, काम अंधेरीत. गावी सरपंच म्हणतो, हा तर येथे राहत नाही. मुंबईत त्याच्याकडे राहत्या जागेचा पुरावा नसतो, कारण तो ज्या गाळ्यात काम करतो तेथेच भुशावर सतरंजी टाकून झोपतो. सदनिकेतील अंतर्गत सजावट करणाऱ्या सुतारास ९० दिवसांचा दाखला मिळणेही कठीण, कारण दर पंधरवड्यास त्याचा मालक बदलतो आणि घरमालक स्वतःस नियोक्ता मानीत नाही. बाहेरगावी कामास गेलेल्या कारागिरांची साधी नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवली, तिच्यात व्यवसाय, कामाचे ठिकाण आणि मुकादमाचा दूरध्वनी क्रमांक लिहिला, तर पडताळणीच्या वेळी सरपंचाला अंदाजाने बोलावे लागणार नाही.

आरोग्याचा भाग सहसा कोणी विचारात घेत नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केले. नाक व त्यालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग तिच्याशी संबंधित आहे. प्लायवुड आणि एमडीएफ कापताना निघणाऱ्या धुळीत डिंकातील फॉर्मल्डिहाइडही असते. बंद गाळ्यात विजेच्या करवतीसमोर तोंडाला रुमाल बांधून दहा तास उभा राहणारा मुलगा कर्मचारी राज्य विमा योजनेत सहसा नसतो, कारण ती साधारणपणे १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. महापालिकेच्या दवाखान्यात तो सर्दीचे औषध घेऊन परत जातो. दवाखान्याच्या नोंदणीपुस्तकात रुग्णाच्या व्यवसायासमोर बहुधा ‘मजूर’ एवढाच शब्द लिहिलेला असतो.